पटावर नसलेली पाहुणी पोरं

यात्रेच्या आठवड्यातच शाळा बघायला साहेब येणार असा निरोप आला. त्या आठवड्यात वाडी वाडीसारखी राहत नाही. एरवी कुलूप असलेली घरं उघडतात, पुण्याची मंडळी येतात, शाळेच्या मैदानात टेम्पो उभे राहतात आणि लाऊडस्पीकर सकाळपासून सुरू असतो.

वाडी पासलीच्याही वर, डोंगराला टेकून. माझं घर भोरजवळ उत्रोलीला. आठवडाभर मी वेल्ह्यात खोली घेऊन राहते आणि सकाळी स्कूटरवरून वर येते. चारही वर्गांना शिकवायला मी एकटीच. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं खालच्या मोठ्या शाळेत गाडीनं न्यायची, अशी चर्चा बरेच दिवस चालू होती. वीस हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता आणि आम्ही कसेबसे त्याच्या आसपास होतो. कागदावर गाडीची सोय बरी दिसते. पण मध्ये ओढा आहे. पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी जातं तेव्हा एसटीसुद्धा अलीकडेच थांबते. मग पहिली-दुसरीतल्या मुली घरी राहणार. घरी राहिलेली मुलगी आधी धाकटं भावंड सांभाळते, मग गुरांमागे जाते. पुन्हा शाळेत येत नाही. हे मी दुसऱ्या एका वाडीवर पाहिलेलं आहे, म्हणून मला झोप नव्हती.

पट कमी होतो त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. भातावर भागत नाही, तरणी माणसं पुण्याला जातात, मागून बायकामुलं. उरली ती थोडी शेतकरी घरं, बौद्ध वस्तीतली दोन-तीन आणि वरच्या धनगरवाड्यातली मुलं. पण आणखी एक गोष्ट आहे, ती बैठकीत कोणी बोलत नाही. जे पोर नीट वाचायला लागतं, तेच आधी जातं. आईबापाला वाटतं, याच्यावर खर्च केला तर वाया जाणार नाही. कच्चं पोर माझ्याकडे राहतं. मग वरून विचारणा होते, तुमच्या शाळेची वाचनाची पातळी खाली का?

साहेब यायच्या दिवशी मी वर्गात शिरले तर बाकांवर गर्दी. चार-पाच अनोळखी मुलं, कुणाचे तरी जुने गणवेश घालून. एकीचा स्कर्ट गुडघ्याच्या बराच वर. दारात शाळा समितीच्या अध्यक्षबाई उभ्या. माझ्या तिसरीतल्या एका विद्यार्थिनीची आई, वाडीत सगळ्यात खणखणीत बाई.

"ही कोण?" मी विचारलं.

"आपलीच हायेत की. यात्रंला आल्याती. ह्यांचे आजे ह्याच शाळंत शिकले, मग वाडीचीच न्हवं का?"

"पटावर नाहीत."

"साहेब काय आधारकार्ड मागतोय व्हय?"

"मागतो."

"मागंल तवा बघू. तवर बसू द्या. तुमच्या ताटातलं खात्यात का?"

मी त्यांना उठवायला वळले आणि मैदानात जीप थांबली.

साहेबांनी डोकी मोजलीच नाहीत. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि बोट दाखवलं ते थेट मागच्या बाकावरच्या सगळ्यात उंच मुलीकडे. पुण्याची. तिनं फळ्याकडे पाहिलं, पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं आणि जोडाक्षरापाशी थांबली.

"कितवीत?"

"फोर्थ."

"चौथीत आणि एवढं येत नाही?" ते मुलीला विचारत होते, पण बघत होते माझ्याकडे.

मी बोलणार, तेवढ्यात धनगरवाड्यातली दुसरीची चिमुरडी उठली. "सर, ती पावनी हाय. ती बी पावनी, अन् तो बी. तिनं माजा जुना सकर्ट घातलाय."

वर्ग हसला. अध्यक्षबाईंनी पदर तोंडाला लावला. मी सांगितलं, "यात्रेला आलेली मुलं आहेत. पटावर नाहीत, त्यांची हजेरी मी लावलेली नाही. माझ्या मुलांना वाचायला सांगा."

त्यांनी सांगितलं. बहुतेकांनी बरं वाचलं. अध्यक्षबाईंच्या मुलीनं तर चौथीच्या पुस्तकातला धडा न अडखळता वाचला आणि त्यात काय आहे तेही सांगितलं. साहेब म्हणाले, "मुलगी हुशार आहे. हिला चांगलं शिकवा." खिडकीशी यात्रेला आलेले बाप्ये उभे होते. त्यांत तिचा बाप होता. तो हडपसरला कंपनीत आहे.

जाताना साहेब मला म्हणाले, "वाचन उत्तम आहे. पट जेवढा आहे तेवढाच लिहीन." अध्यक्षबाईंनी जेवायचा आग्रह केला, तर हसून म्हणाले, "नको. जेवलो तर मलाही पटावर घ्याल."

यात्रा उठली, टेम्पो गेले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना अध्यक्षबाई आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाई, पोरीचा दाखला लागंल. तिचा बाप म्हनतोय, साहेब एवढं बोलला तर तिला हितं कशाला ठेवायची."

"ती पुण्याची मुलगी पाहिली ना तुम्ही? चौथीत आहे."

"पायली."

"मग?"

"शाळा ऱ्हावी म्हनून म्या लोकांची पोरं आनून बसवली, ते खोटं न्हाई. पन ही माजी हाय."

माझी दोन्ही मुलं भोरला शिकली, वाडीवर नाही. मी दाखला लिहून दिला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी अध्यक्षबाई धाकटीला घेऊन आल्या. नुकतीच सहा पूर्ण झालेली, डोक्याला चपचपीत तेल. "एक नेली, एक आनली. आता तरी तुमचा आकडा भरतोय का बघा."

आकडा भरला, तोही काठावर. वरून अजून काहीच कळलेलं नाही आणि ओढ्याला पाणी यायला लागलंय. धाकटी थोरलीपेक्षा तल्लख आहे, हे मला आठवडाभरात कळलं. हिला जरा सावकाश शिकवावं, असं एकदा मनात येऊन गेलं. काल तिनं फळ्यावरचं आपलं नाव ओळखलं आणि घरी जाऊन आईला सांगते म्हणाली. मी म्हटलं, सांग.