बॉनेटवरची रेकॉर्ड

कुरिअरवाला दुपारी पाकीट देऊन गेला आणि मी ते तीन दिवस फोडलं नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं, मीच मागवलं होतं. जॅझमध्ये रॉक मिसळून ज्या अल्बमने एकेकाळी जाणकारांत भांडणं लावली, तो आता नव्याने सीडीवर निघाला होता. जाणकारांची भांडणं मी फक्त वाचली. त्या अल्बमवरून धुळ्याच्या एका घरात जे भांडण झालं, ते मी लावलं होतं.

तेव्हा मी धुळ्याला कॉलेजात होतो. माझा मित्र तिथलाच. त्याच्या वडलांना सगळे आबा म्हणायचे. लग्नाच्या बँडचे ते मास्तर, क्लॅरिनेट वाजवायचे. मित्राचा मामा जहाजावर नोकरीला होता, त्याने ही रेकॉर्ड आणून दिली होती. आम्ही दोघं ती रोज ऐकायचो. किती समजायचं देव जाणे, पण बाजू संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. आबांचं डोकं फिरायचं. एकदा ते दारातूनच ओरडले, "हाई काय गानं शे? ना मुखडा, ना अंतरा! एक दिन फेकी देसू उकिरडावर."

मे महिन्याच्या सुट्टीत मी ती रेकॉर्ड मागून जळगावला नेली. आतेभावाकडे चांगला प्लेअर होता. परतताना एस.टी. खचाखच भरलेली. मला ड्रायव्हरजवळ उभं राहायला जागा मिळाली, म्हणून पिशवी इंजिनाच्या बॉनेटवर ठेवली. वाटभर तिची आठवणही झाली नाही. धुळ्याच्या स्टँडवर उतरून पाहतो तर रेकॉर्ड इंजिनाच्या धगीने द्रोणासारखी वळलेली.

मित्र साक्रीला मावशीकडे गेला होता. घरी फक्त त्याची आई होती. मी कव्हर पुसलं, रेकॉर्ड आत सरकवली आणि त्याच्या खोलीत खिडकीपाशी उभी करून ठेवली. त्या खिडकीत दुपारभर ऊन यायचं. हे मला ठाऊक होतं. मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे कित्येक वर्षं एवढी एक गोष्ट मी स्वतःशीही कबूल करत नव्हतो.

दोन दिवसांनी मित्र आला. त्याने मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "तू ठेवलीस तेव्हा कशी होती?"

"चांगली होती," मी म्हणालो.

एवढंच. आबांचं नाव मी घेतलं नाही, घ्यावं लागलं नाही; उन्हात ती त्यांनीच ठेवली, असं त्याने धरलं. तो वाकडी रेकॉर्ड घेऊन अंगणात गेला. तिथे बँडची सगळी माणसं बसली होती. त्यांच्यादेखत त्याने बापाला नको ते सुनावलं. आबा म्हणत होते, "मी हात बी नही लायेल. तुनी आन." मी ओट्यावर उभा होतो. चपला घातल्या आणि निघून गेलो.

वर्षाच्या शेवटी मित्राला नाशिकला नोकरी लागली. त्यानंतर अकरा वर्षं तो बापाशी बोलला नाही. कारण फक्त रेकॉर्ड नसेल, असं मी मनाला समजावत राहिलो. त्याच्या लग्नात आबा मांडवाबाहेर खुर्चीवर बसले होते. दुसऱ्यांचा बँड वाजत होता. मी वाढायला होतो, त्यांचं ताट मीच नेऊन दिलं. ते म्हणाले, "तू जेवना का?" मी मान हलवली. तेव्हाही बोललो नाही. मित्राची आई वारली तेव्हा तो धुळ्याला परत आला, बाप-लेक पुन्हा एका घरात राहू लागले. रेकॉर्डचा विषय कोणी काढला नाही.

पाकीट आल्यावर चौथ्या दिवशी मी सीडी आणि माझा लहान प्लेअर घेऊन धुळ्याला गेलो. अल्बम पाहून मित्र हरखला. "अरे, हा कुठे मिळाला?"

"आधी ऐकून घे," मी म्हणालो आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. बॉनेट, खिडकी, ऊन.

त्याने सीडी माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाला, "मला काय सांगतोस? आत जा. त्यांना सांग."

आबा नव्वदीकडे झुकलेले, खाटेवर बसून होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चिडतील, निदान रडतील, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त दारात येऊन उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा भिंतीकडे पाहत होता.

"लाव ते," आबा म्हणाले. "मी कधी पुरं आयकंच नही."

मी लावलं. आता मध्येच उठून बाजू उलटायची नव्हती. सुरुवातीला ते पंच्याने तोंड पुसत होते. मग त्यांचा हात थांबला. दोन ड्रम आणि विजेवरच्या पियानोच्या खालून एक जाड, घोगरा सूर सरपटत येत होता. आम्ही दोघं त्याला कॉलेजात ऑर्गन समजायचो.

"हाई क्लॅरनेट शे," आबा म्हणाले. "पन इतला खाले? इतला खालना सूर कसा काढं रे यानी?"

मी सोबतची पुस्तिका उघडली. बास क्लॅरिनेट, असं छापलेलं होतं. आबांची बोटं गुडघ्यावर हलत होती, चुकत होती, पुन्हा सुरुवात करत होती. ऐकता ऐकता ते म्हणाले, "हाई तव्हय आयकं रातं तं..." तेव्हाच ऐकलं असतं तर काय, ते वाक्य त्यांनी अर्धंच सोडून दिलं. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

निघताना सीडी तिथेच ठेवली. मित्र दारापर्यंत आला. "माझ्या लग्नात त्यांचं ताट तू नेलं होतंस ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. तो आत गेला.

आबांनी ते सगळं दोनदा ऐकलं, असं नंतर कळलं. मित्राचा फोन अजूनही येतो, सणावाराला, कोणाच्या मयतीची बातमी द्यायला. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत आलो. आता तो मला तुम्ही म्हणतो.