हॉर्न मोजणारे आबा

“मास्तर, कितला झायात?”

स्टेअरिंगवरून मान न वळवता आबा विचारायचे. नव्या प्रवाशाला वाटे, तिकिटांचा हिशेब चाललाय. छे हो! आबा विचारत होते ते हॉर्नचं.

धुळे-जळगाव लाल गाडीवर ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. ऐंशीच्या दशकातली सलग नऊ वर्षं. बैल आडवा आला, वळण आलं, तर वाजवलेला हॉर्न मोजायचा नाही. पण सायकलवाला आधीच बाजूला झालाय आणि तरी आबांनी भोंगा दाबला, की मी धरायचा एक. पारोळ्यापर्यंत चार-पाच झाले तर ठीक. दहाच्या वर गेले, तर आबा पारोळा स्टँडवर गाडी थांबवून आधी डोकं थंड करणार.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, हा माणूस जरा सटकलेलाच आहे. “आबा, तुम्हाला स्वतःला कळत नाही का?” मी विचारलं.

“राग येल माणूसले सोताना राग दिसत नई, मास्तर. हात दिसतस. तेबी दुसराले.”

मग मी घरीही हेच करून पाहिलं. बायकोला म्हटलं, मी ताट किती जोरात ठेवतो ते मोज. ती म्हणाली, “मोजायला बसले तर स्वयंपाक कोण करेल?”

तर ती गोष्ट सांगतो. आबांना बिनअपघात सेवेचा बिल्ला मिळणार होता. डेपोत यादी लागली होती, नवीन खाकी शर्ट शिवून आला होता. साहेबांनी बजावलं होतं, तोवर एकही तक्रार नको. आणि नेमकं त्याच आठवड्यात पारोळ्यापर्यंत हॉर्न झाले चौदा.

मी खोटं बोलणार होतो. तोंडातून आकडा खराच निघाला.

आबांनी स्टँडवर गाडी उभी केली आणि उतरले. लोक भडकले. जळगावच्या कोर्टात तारीख असलेला एक जण तर माझ्या अंगावरच आला. मी धावत नळापाशी गेलो. “आबा, बिल्ला जाईल हो!”

त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मग हळूच म्हणाले, “पोरनं लगीन मोडनं, मास्तर. सकायलेच निरोप उना.”

पंधरा मिनिटं आम्ही नळापाशीच बसलो. पुढे जळगावपर्यंत हॉर्न फक्त तीन.

तक्रार झालीच. साहेबांनी खुलासा मागितला. “टायर पंक्चर लिहा, सुटाल,” मी हात जोडून सांगितलं.

“खोटं कसाले लिखू?” म्हणत त्यांनी लिहिलं: गाडीत बिघाड नव्हता. चालकात होता. पंधरा मिनिटांत दुरुस्त केला.

नाव कटलं. कार्यक्रमाला आबा तोच नवा शर्ट घालून आले, शेवटच्या रांगेत बसले आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. मला मात्र टाळी वाजवता आली नाही. संताप संताप झाला होता.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दहाव्याला त्यांच्या घरी गेलो होतो. लग्न मोडलेली तीच मुलगी, तोवर दोन लेकरांची आई झालेली, फोटोला हार घालता घालता म्हणाली, “काका, बाबांना बिल्ला काही मिळाला नाही.”

माझी मान आपोआप ताठ झाली. म्हटलं, “पोरी, सव्वीस वर्षांच्या नोकरीत तुझ्या बापाच्या गाडीत जो जो बसला, तो आपल्या घरी पोचला.”