कुंवरसाहेबांचा पेपर

अंबिका सबनीस बोलायला मऊ, म्हणून ती स्वभावानेही मऊ असणार, असं झाशीतल्या त्या बियाणं कंपनीत सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माणसं अशीच असतात. बाई आवाज चढवत नाही म्हणजे तिला राग येत नाही, असा हिशेब करून मोकळी होतात. अंबिकेला राग यायचा, आणि चांगला सडकून यायचा. तो गिळायची सवय मात्र घरातूनच लागलेली. सबनीस पूर्वी महाराष्ट्रातून झाशीजवळच्या गुरसराय संस्थानात कारकुनी करायला आलेले. पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ना कुणाच्या दरबारात मान खाली घालून लिहीत बसलेले. दरबार गेले, पण मान काही वर आली नाही.

कंपनीत ती बाविसाव्या वर्षी लागली आणि छत्तिसाव्या वर्षीही तिथेच होती. वाटाणा, हरभरा, तीळ. कुठलं बियाणं कुठल्या गावात खपतं, टहरौलीचा कुठला दुकानदार गरजेपेक्षा जास्त माल उचलतो आणि हंगाम संपल्यावर निर्लज्जपणे परत पाठवतो, हे सगळं तीच बघायची. गोदामाच्या मॅनेजरची जागा तीनदा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा बाहेरून कुणीतरी आला. मालक सेठ जगन्नाथजी दर वेळी तेच सांगायचे, "बेटा, काम तो तुम्हीं सँभालती हो, पर एमबीए की डिग्री नहीं है न।"

शेवटी तिने ठरवलं, ठीक आहे, डिग्रीच आणते तुमच्या तोंडावर. ग्वाल्हेरच्या एका खासगी संस्थेत नोकरी करणाऱ्यांसाठी एमबीए होतं, शनिवार-रविवारी वर्ग, दोन वर्षांचं. फी तिची तिने भरायची. सेठजींकडून तिला हवी होती फक्त शनिवारची सुट्टी. सेठजींनी लगेच दिली. इतक्या चटकन दिली तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

कारण पहिल्याच शनिवारी वर्गात तिच्या पुढच्या बाकावर राघवेंद्रजी बसलेले. राघवेंद्रजी म्हणजे सेठजींचे जावई. बुंदेलखंडात जावयाचा मान काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सासरा स्वतः त्याच्या पाया पडतो. सेठजींच्या कंपनीत तर जावई घरापुरता नव्हताच. हमालापासून हिशेबनिसापर्यंत सगळे त्याला 'कुंवर साहब' म्हणायचे. तो ऑफिसात आला की खुर्ची रिकामी, पंखा त्याच्याकडे, आणि त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. वय असेल बत्तीस. सेठजी त्याला डायरेक्टर करणार होते आणि व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे काहीतरी हवं होतं.

पहिला गृहपाठ मिळाला तसा कुंवरसाहेबांनी कागद अंबिकेपुढे सरकवला. "अंबिका जी, ज़रा देख लीजिएगा।"

देख लीजिएगा! तिने बघितलं, म्हणजे लिहून काढलं. मग दुसरा, मग तिसरा. दिवसभर गोदाम, संध्याकाळी घरी येऊन आईचं पथ्याचं जेवण, आणि त्यानंतर स्वतःचा अभ्यास सोडून जावयाचा. शनिवारी ती पहाटेच्या गाडीने ग्वाल्हेरला उभी जायची आणि कुंवरसाहेब एसी गाडीतून येऊन वर्गात जांभया द्यायचे. आईने एकदा विचारलं, "अगं, तो काय तुझा जावई आहे का?" अंबिका म्हणाली, "शनिवारची सुट्टी त्याच्याच घरातून येते, आई." सबनिसांच्या घरात हे कारण कुणालाही पटतं.

आणि तिची पद्धत ऐका. आधी कुंवरसाहेबांचं लिहायचं, नीट, शांत डोक्याने, आणि त्यांच्या नावाने संस्थेला पाठवायचं. मग उरलेल्या वेळात स्वतःचं. पंगतीत मानाचं पान आधी वाढायचं आणि आपण शेवटी बसायचं, हे तिच्या हाडात इतकं मुरलेलं की कॉम्प्युटरपुढे बसूनसुद्धा तिचं बोट आधी जावयाच्याच नावावर जायचं. कुणी सांगितलं नव्हतं. या बाईला कुणी सांगावंच लागत नव्हतं!

शेवटच्या सत्रात मोठा प्रकल्प होता. विषय स्वतःच्या कंपनीतलाच हवा. अंबिकेने आपला विषय केव्हाच ठरवला होता: दुकानांतून बियाणं परत का येतं. त्यासाठी ती वर्षभर गावोगाव फिरली होती, दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. सोळा वर्षांची नोकरी तिने त्या पानांत ओतली होती. मुदतीला आठवडा उरला असताना कुंवरसाहेब म्हणाले, "मेरा भी उसी पर कर दीजिए न। कंपनी तो एक ही है।"

इथेच घोडं पेंड खातं. तिला नाही म्हणता आलं नाही. त्याला दुसरं काही लिहून द्यायला वेळ नव्हता, आणि जावयाचं काम हलकं दिसलं तर सेठजींच्या घराची शोभा. म्हणून तिने आपला चांगला मजकूर त्याच्या नावाने पाठवला, आणि मग घाईघाईने शब्द इकडचे तिकडे करून स्वतःचा. संस्थेत असे प्रकल्प नक्कल शोधणाऱ्या एका यंत्रातून काढतात. यंत्राला पंगत कळत नाही. आधी आलेलं खरं आणि नंतर आलेलं चोरलेलं, एवढंच त्याला कळतं.

रविवारी दोघांना बोलावलं गेलं. टेबलापलीकडे तीन प्राध्यापक. त्यांतल्या प्रमुखाने अंबिकेकडे बघून विचारलं, "ये आपने राघवेंद्र जी से लिया है?"

अंबिकेने कुंवरसाहेबांकडे पाहिलं. आता तरी हा काही बोलेल, असं तिला वाटलं. तो बोललाही. खुर्चीत पुढे सरकून, अगदी मोठ्या मनाने. "सर, मैडम की माँ बीमार रहती हैं, इन पर बहुत बोझ है। मैंने ही पढ़ने को दिया था। मेरी तरफ़ से कोई शिकायत नहीं है। माफ़ कर दीजिए।"

माफ केलं त्याने तिला! तिच्याच पायपिटीची चोरी तिच्यावर घालून वर माफ केलं. अंबिकेच्या कानशिलांतून वाफा निघाल्या, पण मान आपसूक खाली गेली.

प्रमुखांना कुंवरसाहेबांचं मन फार मोठं वाटलं. त्यांनी तोडगा काढला: अंबिकेने नक्कल केली असं लेखी कबूल करावं, माफी मागावी, प्रकल्पाचा तो एक पेपर पुन्हा द्यावा. डिग्री सहा महिने पुढे जाईल, एवढंच. एक कोरा कागद तिच्या हातात देऊन तिला बाहेर व्हरांड्यात बसवलं.

ती लिहिणारही होती. पेन उघडलं होतं. डिग्री हवी होती, त्या जागेसाठी सोळा वर्षं थांबली होती, आणि मान खाली घालायची तर सवयच. तेवढ्यात कुंवरसाहेब बाहेर आले, शेजारी उभे राहिले आणि हलक्या आवाजात, समजूत घालावी तसे म्हणाले, "अगली बार पहले अपना भेज दिया कीजिए, मेरा बाद में। मैं बुरा नहीं मानूँगा।"

अगली बार. म्हणजे पुढेही काही लिहायचं निघालं की ही बाई ते त्याला लिहून देणारच, याबद्दल त्याच्या मनात शंकासुद्धा नव्हती.

अंबिका उठली. कागद तसाच कोरा घेऊन दार न वाजवता आत गेली.

"सर, दोनों मैंने लिखे हैं," ती म्हणाली. "ये भी, और इनका पहले दिन से आज तक का सब कुछ। इन्होंने अपना नाम तक ख़ुद नहीं लिखा।"

मागून कुंवरसाहेब ओरडले, "दिमाग़ ख़राब हो गया है क्या आपका?"

प्रमुखांनी चष्मा काढला. "मैडम, सोच लीजिए। नक़ल की सज़ा एक पेपर है। दूसरे के लिए लिखने की सज़ा दोनों का पूरा कोर्स रद्द। आपका भी।"

"रद्द कीजिए," अंबिका म्हणाली. तिचा आवाज इतका चढला होता की व्हरांड्यातला शिपाई दारात येऊन उभा राहिला. "पर ये मत लिखवाइए कि मैंने चुराया।"

तिन्ही प्राध्यापकांनी कुंवरसाहेबांना विचारलं, दुकानांतून माल परत का येतो, दोन वाक्यांत सांगा. कुंवरसाहेब म्हणाले, असल्या दुकानदारांशी ते बोलत नाहीत. दोघांचाही कोर्स रद्द झाला.

घरी आईने कपाळाला हात लावला. "एक ओळ लिहायची होती, अंबे. माफी मागून कुणाचं काय जातं? तुझ्या वडिलांनी जन्मभर मागितली."

"दोन वर्षं त्याच्या नावावर मी खरं लिहिलं, आई," अंबिका म्हणाली. "माझ्या नावावर खोटं नाही लिहिणार." आणि तिने ताट इतक्या जोरात आपटलं की आईने पुढचं बोलणं गिळलं. अंबिकेपुढे गिळायची पाळी पहिल्यांदाच दुसऱ्या कुणावर आली.

सोमवारी ऑफिसात एकही माणूस तिच्याकडे बघेना. दुपारी सेठजींनी आत बोलावलं. ते रागावले नव्हते, थकलेले दिसत होते. मुलगी रात्रभर रडत होती, म्हणाले. जावई जेवला नव्हता.

"बेटा, घर की बात थी। मुझसे कह देतीं। मैं समझा देता।"

"किसको समझाते, सेठजी?" अंबिकेने विचारलं. "मुझे ही न?"

सेठजींनी मान खाली घालून समोरचा पेपरवेट सरकवला. मग म्हणाले, "हाँ। तुम्हें ही। दामाद को कौन समझाता है?"

दोन वर्षांत तिला कुणीतरी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं होतं, आणि आजवरच्या कुठल्याही खोट्यापेक्षा त्या खऱ्याचाच तिला जास्त संताप आला.

"तो आज ही मेरा हिसाब कर दीजिए," ती म्हणाली आणि सेठजींनी मान वर करेपर्यंत थांबलीसुद्धा नाही.