घरात मराठी बंद

शाळेतून फोन आला तेव्हा चारुलता झाडे बँकेच्या काउंटरवर होती आणि समोर पेन्शनवाल्यांची रांग लागली होती. भिलाईतल्या सिविक सेंटरच्या त्या शाखेत महिन्याच्या सुरुवातीला मान वर करायला सवड नसते. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. पलीकडून उर्वीच्या मॅडम बोलत होत्या. त्यांनी हिंदीत, अगदी अदबीने, एकच गोष्ट विचारली. तुमची मुलगी बोलते ना?

चारुलताला हसूच आलं. पाच वर्षांची उर्वी घरात कोणाला तोंड उघडू देत नसे. आंघोळ करताना बोले, जेवताना बोले, झोप लागेपर्यंत आजीच्या कानाशी तिची बडबड चाले. पण मॅडम हसल्या नाहीत. शाळा उघडून दोन महिने झाले, त्या म्हणाल्या, आम्ही अजून तिचा आवाज ऐकलेला नाही. हजेरीला ती फक्त हात वर करते. बाथरूमला जायचं असलं तरी सांगत नाही.

चारुलताचं हसू जागच्या जागी विरलं. गेल्या आठवड्यात दोनदा उर्वी ओल्या कपड्यांनी घरी आली होती आणि दोन्ही वेळा तिने पोरीलाच रागावलं होतं.

त्या वर्षी घर घड्याळाच्या काट्यावर चाललं होतं. नवरा सूर्यकांत स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे, ऑपरेटर. त्याची शिफ्ट बदलली की घराचं जेवणखाण, झोप, सगळंच बदलायचं. थोरली ऐश्वर्या दहावीला, नेहरू नगरच्या कोचिंगला जाऊन दमून यायची आणि कुकरची शिट्टी झाली तरी चिडायची. हिंगणघाटहून आलेल्या सासूबाई, राधाबाई, सासरे गेल्यापासून इथेच होत्या. प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरमधल्या त्या क्वार्टरमध्ये पाच माणसं आणि सकाळी व्हॅनचा हॉर्न. उर्वी व्हॅनमध्ये बसताना आईचा हात सोडत नसे, बोटं एकेक करून सोडवावी लागत. लहान पोरं करतातच असं, म्हणून चारुलताने ते मनावर घेतलं नव्हतं.

दोघं नवराबायको शाळेत गेले. तिथल्या मोठ्या मॅडमनी त्यांना बसवून घेतलं आणि समजावलं, की घरात मराठी, बाहेर हिंदी, वर्गात इंग्रजी, एवढंसं लेकरू गोंधळणारच. घरात मराठी बंद करून पाहा. चारुलताला ते पटलं नाही. ऐश्वर्या याच घरात वाढली होती, तिचं काय अडलं? पण समोरची बाई इतक्या खात्रीने बोलत होती की तिच्याने काही बोलवलं नाही.

सूर्यकांतला मात्र ते मनोमन पटलं. तो अकरा वर्षांचा असताना शिकायला काकांकडे भिलाईला आला होता. त्याची मराठी वळणाची हिंदी ऐकून वर्गातली पोरं त्याला नावं ठेवायची, त्याच्यासारखं बोलून दाखवायची. ते दिवस त्याच्या मनातून कधी गेले नव्हते. त्या रात्री जेवताना त्याने जाहीर करून टाकलं, "उद्यापासून घरात मराठी बंद. सगळ्यांनी हिंदीत बोलायचं. अम्मा, तू पण."

"बाबा, हे तुम्ही मराठीतच सांगून राहिले," ऐश्वर्या म्हणाली. कोणी हसलं नाही.

राधाबाईंनी प्रयत्न केला. "बेटा, खाना खाव," असं म्हणायच्या, आणि पहिले दोन-चार दिवस उर्वी खदखदा हसली. मग सूर्यकांतने हसायचं नाही म्हणून दटावलं, आणि आजीने तेही सोडलं. संध्याकाळची गोष्ट बंद झाली. हिंदीत त्यांना गोष्ट येत नव्हती. ताटात काय हवं, काय नको, हे त्या बोटाने दाखवू लागल्या. स्वतःच्या मुलाच्या घरात म्हातारी पाहुण्यासारखी वावरून राहिली, हे चारुलताला रोज दिसत होतं. दिसत असून ती सकाळी डबे भरत होती, स्कूटर काढत होती, बँकेत जात होती.

गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला ते गेले, तेव्हा कोणीतरी कौतुकाने उर्वीला नाव विचारलं. पोर आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभी राहिली. सूर्यकांतने तिला पुढे ओढलं. नाव सांग म्हणाला, तीनदा म्हणाला, दर वेळी थोडं मोठ्याने. आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या. उर्वीचे ओठ पांढरे पडले होते. चारुलताने तिला उचललं आणि नवऱ्याकडे न पाहता मंडपाबाहेर आली.

दिवाळीपर्यंत घरातलाही तो आवाज बसत गेला. आधी उर्वी बोलण्याआधी बाबा कुठे आहेत ते पाहायची. मग कुजबुजायला लागली. पुढे पुढे मान हलवूनच काम भागवू लागली. एका रविवारी चारुलता भाजी निवडत बसली होती आणि तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून या घरात उर्वीचा एकही शब्द ऐकू आलेला नाही.

त्या दिवशी तिचं सूर्यकांतशी जोराचं भांडण झालं. पोरगी शाळेत मुकी होती, आता घरातही झाली, ती म्हणाली. तो म्हणाला, थोडा धीर धर, सवय होईल. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "तिले कोणी हसू नये, एवढंच पाहून राहिलो मी." चारुलताचा राग तिथेच अडला. या माणसाला बोल लावावा तरी कसा, हे तिला कळेना. भांडण अर्धवट राहिलं. तो शिफ्टला गेला.

जानेवारीत, थंडी चांगलीच पडली होती तेव्हा, चारुलता एका संध्याकाळी बँकेतून परतली तर घरात दिवा लागलेला नव्हता. ऐश्वर्या कोचिंगहून यायची होती. आतल्या खोलीत राधाबाई पलंगावर बसल्या होत्या आणि उर्वी त्यांच्या मांडीवर, तोंड आजीच्या कानाशी लावून. राधाबाईंनी वर पाहिलं. कित्येक महिन्यांनी त्या सुनेशी मराठीत बोलल्या.

"चारू, पोरीचा हात पाह्य."

चारुलताने दिवा लावला. उर्वीने उजवा हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला होता. तिने हळूच बाही वर केली. मनगट सुजून टरटरून आलं होतं, हाताला बोट लावताच पोरीचं सगळं अंग ताठ झालं. तोंडातून हूं की चूं नाही.

"मधल्या सुट्टीत पडली म्हणते घसरगुंडीवरून," राधाबाई म्हणाल्या. "कोणालेच नाही सांगितलं. व्हॅनमध्ये तशीच बसून आली. आत्ता माह्या कानात सांगितलं, आजी, माहा हात लय दुखून राहिला." त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "अन् मग म्हणे, बाबाले सांगू नको, मी मराठीत बोलली."

चारुलता पलंगाच्या कडेला बसली, आणि लगेच उठली. बसायला वेळ नव्हता. प्लांटमध्ये सूर्यकांतचा फोन लागेना, तेव्हा तिने त्याच्या फोरमनकडे निरोप दिला. रस्त्यावरून ऑटो आणला, पोरीला शालीत गुंडाळलं, सासूबाईंना बरोबर घेतलं. सुपेल्याच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला उर्वी डोळे मिटून घेत होती, पण रडत नव्हती. चारुलताला वाटत होतं, एकदा मोठ्याने रड ग बाई, सगळा सुपेला ऐकू दे.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी कुठे दुखतं ते हिंदीत विचारलं. उर्वी भिंतीकडे पाहत राहिली. चारुलता खाली वाकून मराठीत म्हणाली, "सांग बाळा. कोणी रागावणार नाही." पोरीने दाराकडे पाहिलं. बाबा नाहीत अशी खात्री करून घेतली आणि आईच्या कानात सांगितलं. मनगटाचं हाड मोडलं होतं.

प्लास्टर चढत असताना सूर्यकांत धावत आला, पायात प्लांटचे जड बूट, हातात हेल्मेट तसंच. कशी पडली, केव्हा पडली, मॅडमनी पाहिलं कसं नाही, त्याने भराभर विचारलं. चारुलताने त्याला व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. शेवटी उर्वी आजीला काय म्हणाली, तेही सांगितलं. तिने आवाज चढवला नाही. चढवायची गरजच उरली नव्हती.

सूर्यकांत बाकावर बसला. त्याने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. मग आत जाऊन पोरीच्या पलंगाशी गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "उर्वी, मले सांग बेटा. लय दुखून राहिलं का?"

उर्वीने आईकडे पाहिलं. मग आजीकडे. आणि तोंड मिटून घेतलं.

त्याने पुन्हा विचारलं नाही. घरी गेल्यावर त्याने आईपुढे हात जोडले आणि मराठीत बोल म्हणाला. राधाबाईंनी पलंगावर उर्वीशेजारी आडव्या होऊन गोष्ट सुरू केली. भीत भीत, हळू आवाजात, पुढच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

आई, आजी आणि ऐश्वर्याशी उर्वी आठवडाभरात बोलू लागली. बापाशी नाही. तो समोर आला की तिचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. सूर्यकांतने ते सोसलं. शिफ्टहून आल्यावर तो तिच्याजवळ बसून संत्रं सोलायचा, मिलमध्ये लाल तापलेला रूळ कसा सरसरत पुढे जातो ते आपल्याच तालात सांगायचा, आणि उत्तराची वाट न पाहता उठून जायचा. मग एका सकाळी, आंघोळीआधी, तो तिच्या प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधत होता. गाठ काही जमेना.

"असं नाई, बाबा," उर्वी म्हणाली. "आजीसारखं बांध."

त्याने आजीसारखं बांधलं. मग स्वयंपाकघरात आला आणि फ्रिजचं दार उघडून उगाचच उभा राहिला. चारुलता पोळ्या लाटत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्याला तेवढा आडोसा हवा होता.

पुढे ते रायपूरला, मुलांच्या अशा अडचणी पाहणाऱ्या एका बाईंकडे गेले. हा हट्ट नाही, आणि घरची भाषाही याला कारण नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. भीतीने या मुलांचा आवाज आतच अडकतो. घर ही एक जागा मोकळी होती, तीही तुम्ही बंद केलीत. बोल म्हणू नका, बोलली तर टाळ्या वाजवू नका. शाळेत आधी रिकाम्या वर्गात आईशी बोलू दे, मग एकेक माणूस वाढवा. चारुलताने बँकेत उशिरा यायची परवानगी काढली आणि ती रोज शाळा भरण्याआधी उर्वीबरोबर रिकाम्या वर्गात बसू लागली. दोघी मराठीत खेळायच्या. मग उर्वीच्या बाकावरची सोनल नावाची मुलगी लवकर यायला लागली. मॅडम सुरुवातीला दारात उभ्या राहत, मग टेबलाशी. उर्वीच्या मॅडमनी हे मनापासून केलं, मोठ्या मॅडमनी मात्र फक्त अडवलं नाही. कधी सगळं जुळून यायचं, कधी कोणी दार उघडलं की पोर पुन्हा दगड व्हायची आणि चारुलता दिवसभर काउंटरवर चुकीचे शिक्के मारायची.

ऐश्वर्याची बोर्डाची परीक्षा झाली. प्लास्टर निघालं. शाळेच्या शेवटच्या दिवशी चारुलता फाटकाशी उभी होती. आयांची ही गर्दी, व्हॅनवाल्यांचा आरडाओरडा. पोरांच्या लोंढ्यात उर्वी दिसली, पण ती भलतीकडेच पाहत होती. चारुलता हाक मारणार, तोच पोरीला ती दिसली.

"आई! इकडे!"

दोन-तीन पोरांनी थबकून उर्वीकडे पाहिलं. एक जण म्हणाला, अरे, ये तो बोलती है. उर्वीचा चेहरा एकदम आवळला. टाळ्या वाजवायच्या नाहीत, कवटाळायचं नाही, हे चारुलताने स्वतःला बजावलं आणि नेहमीसारखं विचारलं, "डबा संपवला का?"

"संपवला," उर्वी म्हणाली. हळू, पण सगळ्यांसमोर.

जूनमध्ये नवा वर्ग आला, नव्या मॅडम आल्या आणि पहिला पंधरवडा उर्वी पुन्हा मुकी राहिली. सूर्यकांतला घाम फुटला. चारुलताने व्हॅनवाल्याला सकाळी येऊ नको म्हणून सांगितलं, स्कूटर काढली आणि शाळा भरण्याआधी उर्वीला घेऊन नव्या वर्गात जाऊन बसली.