शिराळकरांचा तक्ता

समजा, घरातल्या दोन वयस्क माणसांसाठी राहायची जागा निवडायचं काम तुमच्यावर आलं आहे. चार महिन्यांसाठी नव्हे, शेवटपर्यंत राहायची. हातात पाच पत्ते आहेत. पाचही ठिकाणी फाटकापाशी फुलझाडं आहेत, पाचही ठिकाणी कुणीतरी हसतमुखाने चहा विचारतं, पाचही ठिकाणी भिंती नुकत्या रंगवलेल्या आहेत. तुम्ही काय बघाल? न्हाणीघरात धरायला दांडी आहे का ते? वरण किती पातळ आहे ते? की व्हरांड्यात आधीपासून बसलेल्या माणसांचे चेहरे? आणि घरी परतल्यावर, त्यातलं कुठलं बरं, हे कशावरून ठरवाल?

लक्ष्मीकांत शिराळकरांनी तक्ता आखला.

त्यांच्याकडून दुसरं काही होणंच शक्य नव्हतं. कऱ्हाडहून चोविसाव्या वर्षी ते चंडीगडला आले ते उपकरणं तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. छत्तीस वर्षं त्यांनी वजनकाटे, तापमापक आणि दाबमापक तपासले. कुठला काटा खरं सांगतो, कुठला खोटं, आणि खोटं तर किती, हे शोधायचं आणि कागदावर सही करायची. "काटा खोटं बोलला तर चालेल," ते नव्या मुलांना सांगत, "पण रोज तेवढंच खोटं बोलायला हवा. मग त्याला सांभाळून घेता येतं." पहिल्या दिवशीचा धडा मात्र त्याहून साधा असे. पूड मोजायची तर आधी रिकामं भांडं काट्यावर ठेवा, त्याचं वजन लिहा, मग ते वजा करा. नाहीतर तुम्ही पूड मोजतच नाही, भांडं मोजता. दर वर्षी एखादा मुलगा हे विसरे आणि शिराळकर त्याला चहा आणायला पाठवत.

त्यांची बायको वसुधा सेक्टर १७ मधल्या एका बँकेत पेन्शनच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं बसली. कोल्हापूरची मुलगी, पण पंजाबी अशी बोलायची की म्हातारे सरदारजी शेजारची रिकामी खिडकी सोडून तिच्या रांगेत उभे राहत. सुनेचं बाळंतपण, गुडघ्याचं दुखणं, कॅनडाला गेलेला मुलगा, सगळं तिला सांगत. दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी चाव्या, मग नावं, मग दूध तापत ठेवलंय हे. सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा पुढेच जाणार, मागे फिरणार नाही, हेही सांगितलं. ऑगस्टमध्ये ती जिन्यावरून पडली. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

मुलगा सौमित्र म्हणाला, आमच्याकडे या. पण तो सकाळी आठला इंडस्ट्रियल एरियातल्या गिअरच्या कारखान्यात जाई. सून मंजुषा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. नात स्वराली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवसभर त्या घरात कुणी नसे.

"आम्ही दोघं मिळून जाऊ," शिराळकर म्हणाले, "आणि आत्ताच जाऊ. मी हिंडताफिरता आहे तोवर तिला तिथली सवय व्हायला हवी. उद्या मी नसलो की तुम्ही तिला एकटीला नेऊन सोडाल. तुमचा दोष नसेल, पण सोडाल. मला ते नकोय."

मग मंजुषाने पोळीचा डबा उघडला आणि रविवारच्या जेवणावर तक्त्याचे रकाने ठरले. उतार, लिफ्ट, दांड्या, डॉक्टर किती वेळात येतो, जेवण, ऊन, रात्रपाळीला किती माणसं, हॉस्पिटल किती दूर. असे पंधरा रकाने, प्रत्येकाला दहा गुण. स्वरालीने तो मोबाइलवर बनवून दिला, तरी आजोबांनी वहीत पट्टीने आखलाच.

"बाबा," मंजुषा म्हणाली, "सौमित्रसाठी मुली बघताना पण असेच मार्क दिले होते का?"

"दिले होते. तुला तोंडी परीक्षेत पास केलं. लेखीला बसवलं असतं तर अवघड होतं."

वसुधाताई हसल्या. त्या सगळ्यांबरोबर हसत असत, थोड्या उशिराने.

स्वरालीने त्या जेवणावर एक गोष्ट बोलून दाखवली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. चंडीगडमध्ये जन्मलेल्या मुलांचं असंच असतं आणि घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. ती म्हणाली, "दादू, आजी आजकल मुझसे बात नहीं करती यार. बस मुस्कुराती है."

"दमते गं ती," आजोबा म्हणाले आणि लिफ्टच्या रकान्याकडे वळले.

सहा रविवार गेले. पंचकुला, झिरकपूर, मोहालीच्या पलीकडे. शिराळकर खिशात मोजपट्टी घेऊन हिंडत. उताराचा कोन काढत, नळाला गरम पाणी यायला किती सेकंद लागतात ते बघत. व्यवस्थापक मंडळी आधी हसत, मग जरा घाबरत. वसुधाताई शेजारी उभ्या असत, त्यांचा हात धरून. कुणी विचारलं, "आंटीजी, कमरा पसंद आया?" की शिराळकर म्हणत, "हां हां, इन्हें धूप अच्छी लगती है." चहा की कॉफी विचारलं तर सांगत, "चाय, कम चीनी." मग तिच्याकडे वळून मराठीत विचारत, "बरं आहे ना गं?" ती मान हलवे. रकाना भरे.

खरड गावाच्या रस्त्यावरच्या जागेला एकशे सव्वीस गुण पडले. दुसऱ्या नंबरला एकशे नऊ. वाद घालायला जागाच उरली नाही. तिथली रीत अशी की आधी पंधरा दिवस राहून बघायचं, मग कागद करायचे. नोव्हेंबरच्या शेवटी दोघं तिथे राहायला गेली. तळमजल्यावरची खोली, समोर पेरूचं झाड. मदतीला जसबीर नावाची चाळिशीची बाई, कामाला वाघ आणि मनाने मऊ.

पाचव्या दिवशी शिराळकरांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तारीख दोन महिन्यांपूर्वीच मिळालेली. सकाळी नऊला सौमित्र गाडी घेऊन आला. संध्याकाळी चारच्या सुमाराला ते परतले, डोळ्यावर पट्टी बांधून.

जसबीर दारातच भेटली. "आंटीजी ने बिल्कुल तंग नहीं किया जी. इतनी शांत हैं. सारा दिन बैठी रहीं."

वसुधाताई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. खिडकी उघडी होती आणि स्वेटर हाताच्या अंतरावर पलंगावर पडलेला. टेबलावर ताट झाकलेलं होतं. जसबीर म्हणाली, मी दोनदा विचारलं, खाना खाओगे, तर हसल्या, मला वाटलं नंतर खातील. शिराळकरांनी बायकोचे हात हातात घेतले. बर्फासारखे होते. तिला उठवायला गेले तेव्हा समजलं, खुर्चीची गादी ओली आहे. कधीची, कोण जाणे.

न्हाणीघराचं दार खुर्चीपासून सहा पावलांवर होतं. त्यांनी स्वतः मोजून तक्त्यात लिहिलं होतं.

"वसू," ते म्हणाले, "सांगायचं नाही का गं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "कुणाला?" ती म्हणाली.

सौमित्र व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. जसबीर रडायला लागली. सौमित्र तिच्यावर चिडण्याच्या बेतात होता, पण वडिलांनी आतून हाक मारली, "तिला काही बोलू नकोस. चूक तिची नाही." मग त्यांनी बायकोची साडी बदलली, तिला दोन घास भरवले आणि वही मागितली. डोळ्याला त्रास होईल म्हणून सौमित्र देईना. त्यांनी एका डोळ्याने वाचली.

पंधरा रकाने, पाच जागा. सगळे आकडे बरोबर होते. आणि प्रत्येक आकडा घेताना ते तिच्या शेजारी उभे होते. कुणी तिला विचारलं की उत्तर ते देत. ती काही पुटपुटली की त्याचा अर्थ माणसांना तेच सांगत. सहा रविवार त्यांनी वसुधासाठी जागा मोजली नव्हतीच. स्वतःसकट मोजली होती. रिकाम्या भांड्याचं वजन वजा करायचं राहून गेलं होतं, आणि ते भांडं ते स्वतः होते.

मग एकेक उलगडत गेलं. तिची हिंदी कधी गेली? पंजाबी कधी गेली? घरात मराठीच चाले, त्यामुळे घरात ते समजायला वावच नव्हता. बाहेर ती एकटी जात नव्हती. घरातली एकच व्यक्ती तिच्याशी हिंदीत बोलायची, ती स्वराली, आणि तिने सांगितलं होतं.

मंजुषाने दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं, नंतर शिकलेली भाषा कधी कधी आधी निघून जाते. तुम्हाला माहीत नव्हतं का? मंजुषा म्हणाली, नाही. खरं तर सगळ्यांना माहीत असायला हवं होतं.

त्या रविवारी सगळे पेरूच्या झाडाखाली बसले. सौमित्रने रात्री बसून पुण्याच्या तीन जागा शोधून आणल्या होत्या. "तिथे सगळा स्टाफ मराठी आहे, बाबा. आई बोलेल ते समजेल त्यांना."

"आणि तू?"

"मी येईन ना महिन्यातून एकदा."

"गेल्या महिन्यात चंडीगडमध्ये राहून किती वेळा आलास?"

शिराळकरांनाच वाईट वाटलं. "अरे, टोमणा नाही मारला. मोजलं फक्त. तीनदा आलास. पुण्याला तीनदा येशील का वर्षातून?"

"पुण्यात तुमचं तरी कोण आहे आता, बाबा?" मंजुषा म्हणाली.

"तेच तर. पंचेचाळीस वर्षं झाली. तिथे मीच परका. हिला शब्द मिळतील, माणसं मिळणार नाहीत. इथे माणसं आहेत, शब्द नाहीत." ते थांबले. "काय वजा केलं तर कमी नुकसान होईल, ते मला सांगा कुणीतरी."

तेव्हा स्वराली उठली, आजीच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने आजीशी मराठीत बोलायचा प्रयत्न केला. "आजी, तू... पेरू खाणार? मी कापू?" उच्चार असा की एरवी सगळे हसले असते.

वसुधाताईंनी नातीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बिया काढ," त्या म्हणाल्या.

पुण्याचे कागद सौमित्रच्या पिशवीतच राहिले. या जागेचे कागदही त्या दिवशी झाले नाहीत. शिराळकरांनी व्यवस्थापकाकडून जानेवारीअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. तक्त्यात सोळावा रकाना आखला: मी नसताना. त्यात अजून एकही आकडा नाही.

आता रोज सकाळी दहाला ते खोलीतून निघतात. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग अर्धा तास. हल्ली दीड तासापर्यंत आले आहेत. आवारातल्या दवाखान्याच्या मागे एक बाक आहे, तिथून खोलीची खिडकी दिसत नाही. मुद्दाम तो निवडला. ते घड्याळ बघत बसतात. काटा हळू सरकतो, पण खोटं बोलत नाही. जसबीरने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. शिराळकरांनी मराठी सांगितलं आणि तिने स्वतःच्या अक्षरात, गुरुमुखीत, लिहून घेतलं. थंडी वाजते. नको. जायचंय. पाणी दे. दुखतंय. एकूण अकरा वाक्यं. स्वराली मंगळवारी आणि शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर बसने येते. आजी तिच्या चुका काढत नाही. कधी उत्तर देते, कधी नुसती हसते.

परवा बाकावर बसलेले असताना त्यांना जसबीर शोधत आली. ते धसकून उठले. "नहीं नहीं अंकलजी, सब ठीक है. आंटीजी ने 'नको' बोला. मैंने शॉल हटा दी." ते परत बसले.

तरी एक गोष्ट त्यांना सोडत नाही. त्या ऑपरेशनच्या दिवशीचे सात तास. जसबीर तीनदा खोलीत डोकावली होती आणि तिन्ही वेळा वसुधा गप्प होती, एवढंच समजतं. मधल्या वेळाचं काही समजत नाही. त्यांनी फरशी पुसणाऱ्या बाईला विचारलं, शेजारच्या खोलीतल्या निवृत्त कर्नलना विचारलं, पेरूखाली पानं गोळा करणाऱ्या माळ्यालाही विचारलं. कुणाला आठवत नाही. बाकीच्यांना वाटतं, आता ते कशाला उकरायचं. पण त्यांना ते हवं आहे, कारण सोळाव्या रकान्यात काय मोजायचं ते त्यावर अवलंबून आहे. ती बोलत राहिली असेल, तर तिला समजणारी माणसं तयार करायला हवीत, आणि ते जमेल. पण गप्पच राहिली असेल, तर आपलं इथे कुणाला समजणार नाही हे तिला आधीपासून समजलेलं होतं, आणि मग अकरा वाक्यं पुरायची नाहीत. वसुधाला विचारून उपयोग नाही. तिला तो दिवसच आठवत नाही.

त्या दिवशी ती पहिल्यापासून बोललीच नव्हती, की बोलून बोलून थांबली होती?