राणीची पट्टी

सुषमाला गोकुळ पहिल्यांदा दिसला तो शिरूरच्या एसटीत. खिडकीजवळच्या जागेवर घोंगडीत गुंडाळलेली बाजाची पेटी बसवून तो स्वतः उभा होता. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, तिला मांडीवर घ्या, तुम्ही बसा." गोकुळ म्हणाला, "मांडीवर तिला हिसके बसत्यात." पुढे त्याचीच सोयरीक आली, तेव्हा सुषमाने त्याला खांद्यावरच्या त्या घोंगडीवरून ओळखले.

पेटी त्याच्या बापाने घेतलेली. मेंढरे विकून घराणे खुटबावला शेतीत स्थिरावले, त्या वेळची. मेंढरांमागे म्हटलेल्या ओव्या गोकुळच्या कानात होत्याच. पेटीवर तो त्यांच्या चाली करू लागला. कुरकुंभच्या कंपनीतली पाळी संपवून यायचा, चहा पिऊन पेटीपाशी बसायचा. गावच्या यात्रेत दरवर्षी गावकरीच वग करतात, गाण्यांनी भरलेले हसते-खेळते नाटक. त्याच्या सगळ्या चाली गोकुळच्या. बायका खुरपताना त्या गुणगुणतात, ट्रॅक्टरवरची पोरे शीळ घालतात. चाल कोणाची, हे कोणी विचारत नाही आणि गोकुळही सांगायला जात नाही.

वगातली राणी कायम बाळासो आबांची. साठी उलटली तरी नऊवारी नेसून ते उभे राहिले की बायाच आधी हसायच्या. पण आवाज थकत चालला होता. गोकुळने ते ओळखले आणि कोणाला न सांगता राणीच्या गाण्यांची पट्टी खाली आणायला सुरुवात केली. पेटीवर काळी दोनची सफेद दोन झाली, पुढच्या यात्रेला काळी एक, मग सफेद एक. आबांना वाटावे, आपला गळा आहे तसाच आहे.

यंदा तालमीत, आबा यायच्या आधी, मागे झील धरणारे कुरकुरले. दूध डेअरीतला हनुमंत म्हणाला, "मास्तर, आजून खाली गेलो तर हिरीत बसून गावं लागंल."

सगळे हसले. गोकुळ हसला नाही. घरी सुषमाने भाकरी वाढता वाढता विषय काढला. "अहो, आबांना सांगा आता. यात्रेत लोक आवाजाला हसले तर त्यांना लई लागंल."

"चाळीस वर्सं राणी केलीय त्यांनी. त्यातनं काढलं तर काय राहील त्यांच्याकडं?"

"मग दुसरं काहीतरी द्या. चाली तुम्हीच करता की."

आठवडाभर गोकुळ पेटीवर काहीतरी खुडबुडत राहिला. मग राणीच्या सासूचे नवे काम आणि तिची गाणी घेऊन आबांकडे गेला. अर्धे बोलायचे, अर्धे गायचे, दम लागला तरी तो सासूचा रागच वाटावा अशी गाणी. सुषमा सोबत होती.

आबांनी ऐकून घेतले. "म्हंजी राणी गेली माझी?"

"व्हय आबा." गोकुळने मान खाली घातली. "आन् एक सांगायचं हाय. गेली काही वर्सं मी तुमची पट्टी उतरवत आलोय. तुमच्या नकळत."



"कळत व्हतं की रे," आबा म्हणाले. "सूर खाली चाललाय एवढं मला कळंना व्हय? मला वाटलं तुझी पेटी उतरली. बापाची आठवण ती, तोंडावर कसं बोलायचं? म्हणून मी बी तसाच गात राहिलो."

 हसू लपवायला सुषमाने पदर तोंडाला लावला. आबांची बायको धुरपदाबाई चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, "दोघं बी एकमेकाला झाकत बसला. सासू करा म्हणत्यात तर करा की. मला जन्मभर बघून शिकलाच असाल."

"तुझ्याएवढी खाष्ट जमायची न्हाई," आबा म्हणाले, आणि गोकुळकडे वळले. "पुन्हा म्हण ते पहिलं."

यात्रेत राणी हनुमंतने केली, वरच्या पट्टीत. सासू आबांनी केली, आणि तिचे पहिले गाणे लोकांनी दोनदा म्हणायला लावले.

गोकुळ सध्या पहिल्या पाळीला आहे. दुपारी घरी आला की जेवून पेटीपाशी बसतो. पुढच्या वगाच्या दोन चाली झाल्या आहेत, बाकीच्या व्हायच्या आहेत.