सुळ्याचा बिघडलेला ‘स’

कवळ्या करणाऱ्या बाईंना हसरी माणसं आवडत नसत. एकतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये बसून, मेणात दात रोवून आणि साचे भरून त्यांनी लोकांची हसायची सोय करून दिली होती. त्यामुळे कुणी समोर येऊन हसलं की बाई आधी बघत ते दात कुणी केले, आणि मग मनातल्या मनात म्हणत, कुठल्या गाढवाने केले. डॉक्टरांबद्दल तर बोलायलाच नको. डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवत ते निम्मे वाकडे, आणि कवळी बसली नाही की फोन लॅबला. बाई फोन घेत, ऐकून घेत आणि ठेवताना ‘बरं’ एवढंच म्हणत. त्या ‘बरं’मध्ये डॉक्टरांची सगळी पदवी उतरवलेली असे.

बाई एकट्या राहत. लॅबपासून दोन गल्ल्या सोडून त्यांच्या दोन खोल्या होत्या. धाकट्या बहिणीची मुलगी कसल्याशा कोर्ससाठी तीन महिने तिथे राहायला आली आणि येताना मोबाइलमध्ये पाच कोरियन पोरं घेऊन आली. ती पोरं सकाळी सात वाजल्यापासून नाचायला लागत.

“हे गाणं आहे की कुणी भांड्यांचं कपाट पाडलंय?” बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

भाचीने न रागावता समजावून सांगितलं. ही मुलं अकराव्या-बाराव्या वर्षी कंपनीत जातात. एका घरात राहतात, मोजून जेवतात, दिवसाचे आठ-आठ तास नाचतात, आणि एवढं करून शंभरातल्या पाचांनाच स्टेज मिळतं. कुणी काय बोलायचं, केस कुठल्या रंगाचे ठेवायचे, कुणाशी लग्न करायचं नाही, हे सगळं कंपनी ठरवते.

“म्हणजे आमच्याकडे तयार दात येतात तसेच की,” बाई म्हणाल्या. “सहा-सहाच्या पट्टीवर, नंबर टाकून.”

तरी त्यांनी चष्मा लावून स्क्रीनकडे बघितलं, कारण तोंडं बघायची सवय सुटत नाही. चार तोंडांत एकसारखे पांढरे दात होते, एकाच हाताने घासल्यासारखे. पाचव्याचा वरचा डावा सुळा मात्र रांगेतून निम्मा बाहेर आलेला होता. हसला की तो सुळा आधी दिसे आणि मुलगा मागून येई. बाईंनी त्याचं नाव तिथल्या तिथे ‘सुळ्या’ ठेवून टाकलं. भाची म्हणाली, या दातामुळेच कंपनी त्याला मागे उभा करते, एका गाण्यात त्याच्या वाट्याला दहा-अकरा सेकंद येतात. बाईंनी ते सेकंद कान देऊन ऐकले. आवाज जाडसर होता, किंचित घोगरा, प्रत्येक शब्द पुरता चावून सोडणारा. बाकीचे चौघे गात होते की यंत्रं गात होती, ते सांगता आलं नसतं. हा मात्र गात होता.

“परत लाव,” बाई म्हणाल्या.

तीन महिन्यांनी भाचीचा कोर्स संपला आणि तिचं वेडही उतरलं. आता तिला डोंगर चढायचे होते. बाईंना तिच्या या धरसोडीची किळस आली. त्या स्वतः मात्र लॅबमध्ये घासायच्या मशीनच्या घरघरीत कानात इअरफोन घालून सुळ्याचे अकरा-अकरा सेकंद ऐकत राहिल्या, आणि त्या सेकंदांसाठी उरलेली सगळी गाणीही. भांड्यांचं कपाट आता त्यांना पाठ झालं होतं. कुठला डबा कधी पडतो, तेही त्यांना कळायला लागलं होतं. त्यांना ती गाणी आवडत होती. या गोष्टीची त्यांना स्वतःचीच चीड येई, पण आवडत होती.

याच नादात त्या चाहत्यांच्या मंडळात गेल्या. मंडळ दर रविवारी सकाळी एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत भरे. वीस-बावीस मुली येत. त्यांची अध्यक्षा नवरीमुलींचा मेकअप करणारी, तिशीतली बाई होती, आणि ती त्या पाच पोरांना ‘आमची लेकरं’ म्हणे. बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या. मुलींनी त्यांना पहिल्या दिवशी मावशी केलं, दुसऱ्या रविवारी आजी.

महिनाभरात बाईंच्या लक्षात आलं की इथे गाणी कुणी ऐकतच नाही. अल्बमच्या खोक्यात पोरांपैकी एकाचा छोटा फोटो निघतो. आपल्या आवडत्याचा निघावा म्हणून एकेक मुलगी तेच खोकं सहा-सहा वेळा घेई, फोटो प्लास्टिकच्या पाकिटात घाली आणि सीडी झेरॉक्सवाल्याच्या कोपऱ्यात टाकून देई. झेरॉक्सवाल्याने त्या दोरीला बांधून गच्चीत कबुतरं हाकलायला लावल्या होत्या. पोरांपैकी कुणी सर्दीने शिंकला की खोलीत सुतक पडे. कुणी एखाद्या मुलीशेजारी उभा दिसला की त्याच लेकराला शिव्यांची लाखोली. एकदा बाईंनी विचारलं की नव्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर मागून जो आवाज येतो, तो या पाचांपैकी कुणाचाच नाही, हे कुणाच्या लक्षात आलंय का. मग अध्यक्षा म्हणाली की आजी, केसांचा नवा रंग बघितलात का.

बाई तरीही जात राहिल्या. तुच्छतेलाही सोबत लागते, आणि लॅबमध्ये डॉक्टरांखेरीज तुच्छ मानायला कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या वसंतात नवा अल्बम आला. अध्यक्षेने पोस्टर भिंतीवर लावलं आणि मुली किंचाळल्या. सुळ्या पहिल्यांदाच पुढे उभा होता, आणि त्याचा सुळा गेला होता. वरच्या आठ दातांवर कॅप चढवल्या होत्या, रंगपट्टीवरच्या सगळ्यात पांढऱ्या रंगाच्या. त्या रंगाचा दात निसर्गात फक्त दुधाचा असतो.

“किती गोड दिसतोय,” एक मुलगी म्हणाली.

“आठ चांगले दात घासून खुंट केलेत त्याचे,” बाई म्हणाल्या. “आणि वर बसवलेत तेही धड नाहीत. डावीकडे उंच झालंय. मोबाइलवरच्या जाहिरातीत ओठ मिटताना बघा, जबडा उजवीकडे सरकवतो.”

कुणी बघितलं नाही. बाईंनी घरी जाऊन अल्बम ऐकला आणि त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. सुळ्याच्या वाट्याला आता चाळीस-चाळीस सेकंद आले होते, आणि त्यातला प्रत्येक ‘स’ शीळ घालत होता. डावा सुळा उंच राहून जबडा सरकला की पुढच्या दातांमधली फट चुकते आणि असं होतं. नवी कवळी घातलेली म्हातारी माणसं पहिले आठ दिवस असंच बोलतात आणि मग लॅबमध्ये परत येतात. या पोराला परत कुठे जायची सोय दिसत नव्हती. कंपनी ही मुलं कॅमेऱ्यासमोर जेवतानाचे व्हिडिओही दाखवत असे. त्यांत बाईंनी बघितलं, सुळ्या प्रत्येक घास उजवीकडे चावत होता, आणि जेवून झाल्यावर हसत हसत डाव्या कानाखाली तळहात दाबून धरत होता. त्या व्हिडिओखाली हजारो लोकांनी लिहिलं होतं की ही त्याची लाडिक सवय आहे. बाईंनी मोबाइल उलटा ठेवला.

त्या अल्बमच्या खोक्यात एक चिठ्ठी होती. तिच्यावरचा नंबर भरून पाठवला की काहींना आपल्या आवडत्या पोराशी नव्वद सेकंद व्हिडिओवर बोलायला मिळणार होतं. अध्यक्षेने खोक्यांची रास लावली होती. बाईंनी नेहमीप्रमाणे एकच घेतलं होतं. भाचीकडून त्यांनी फोनवरून नंबर भरून घेतला आणि विसरून गेल्या. नंबर त्यांचाच लागला.

रविवारी अध्यक्षेने त्यांना बाजूला घेतलं. आवाजात तिने साखर घातली, पण डोळे कोरडे होते. तिचं म्हणणं असं की सहा वर्षं ती या लेकरांसाठी झिजतेय, तेव्हा ही संधी मंडळाची आहे, एकटीची नाही.

“आणि मावशी, तुम्ही त्याच्याशी बोलणार काय?”

“दातांबद्दल,” बाई म्हणाल्या.

खोलीभर हशा पिकला. बाईंनी पर्स उचलली आणि त्या निघून आल्या.

भाचीला पूर्वीच्या वेडात थोडीफार भाषा येऊ लागली होती. तिने तीन वाक्यं मराठी अक्षरांत लिहून पाठवली आणि बजावलं, की मावशी, नियमांची यादी वाच, तब्येतीबद्दल विचारायचं नाही असं त्यात साफ लिहिलंय. बाईंनी यादी वाचली. मग प्लास्टरमध्ये वरच्या जबड्याचा एक साचा तयार केला आणि डाव्या सुळ्याच्या आतल्या बाजूला लाल पेन्सिलीने ठिपका दिला.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी कामाच्या टेबलावर, जबड्यांच्या रांगेला टेकवून मोबाइल उभा केला. लॅबचे मालक आणि दोन कारागीर आपापले डबे घेऊन मागे उभे राहिले. स्क्रीन उजळली आणि सुळ्या समोर आला. चेहऱ्यावर पावडरचा थर इतका, की आधी भिंतच दिसली. त्याने हात हलवले, बोटांचं पत्त्यातल्यासारखं बदाम केलं, गालांचं बदाम केलं, दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठं बदाम केलं. नव्वदातले वीस सेकंद पोराने बदामांत घालवले. मग काहीतरी गोड म्हणाला. त्यात दोन ‘स’ होते आणि दोन्ही वाजले.

बाईंनी साचा वर धरला आणि पहिलं वाक्य वाचलं: मी दात बनवते. सुळ्या हसला. दुसरं वाचलं: इथे दुखतं का?

तो पुढे वाकला. लाल ठिपक्याकडे त्याने बघितलं आणि त्याचं हसणं थांबलं. हसणं थांबल्यावर तिथे एक तेवीस-चोवीस वर्षांचा, पुरता दमलेला मुलगा बसला होता. त्याने तोंड उघडलं, बोट आत घालून नेमका तोच दात दाखवला आणि एक लहानसा शब्द बोलला. त्याचा अर्थ सांगायला भाचीची गरज नव्हती.

बाईंनी तिसरं वाक्य वाचलं: हा थोडा घासून घे, गोळ्या खाऊ नकोस. त्याने ते हळू आवाजात पुन्हा म्हटलं, पाठ केल्यासारखं. बाईंनी दोन बोटांत कागदाच्या जाडीएवढं अंतर धरून दाखवलं. त्याने मान डोलावली. तेवढ्यात त्याच्या बाजूने, स्क्रीनबाहेरून एका पुरुषाचा आवाज आला. सुळ्या ताठ बसला, हसू परत आलं, बदाम आलं आणि स्क्रीन काळी झाली. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे सत्तरच सेकंद झाले होते.

“चोर,” बाई म्हणाल्या आणि साचा खाली ठेवला.

मंडळाने त्यांच्याकडे रेकॉर्डिंग मागितलं. ते केलेलंच नव्हतं. अध्यक्षेने तर हे खरं घडलं असं मानायलाच नकार दिला. तिच्या मते कुणी आयुष्यातले ते नव्वद सेकंद असे वाया घालवूच शकत नाही. बाईंनी वाद घातला नाही. वाद घालण्याइतकी किंमत त्यांनी मंडळात कुणालाच दिली नव्हती.

दीडेक महिन्याने त्या पाचांचा एक कार्यक्रम थेट दाखवला. बाईंनी डोळे मिटून ऐकला. सुळ्याचा ‘स’ साफ होता. बाईंनी खात्री करायला तो तुकडा नंतर तीनदा लावून ऐकला. कुणीतरी, कुठेतरी, दात नीट घासून दिला होता. आपल्यामुळे, असं त्यांच्या मनात आलं आणि लगेच त्यांनी स्वतःलाच झापलं. एवढ्या दुखण्याने पोरगं कधीतरी डॉक्टरकडे गेलंच असतं. असला विचार करायला त्या काय मंडळातल्या होत्या? पण त्या दिवशी जेवण त्यांनी पोटभर केलं आणि वर झोपही काढली.

त्यानंतर वर्षभरात करार संपले. सुळ्याने पुढचा करार केला नाही. कारण कुणालाच कळलं नाही. खोलीतल्या भिंतीवरून पाच पोरं एका रविवारी उतरली आणि त्याच खिळ्यांवर सात नवी चढली. अध्यक्षा नव्या सातांनाही लेकरंच म्हणे, आणि सुळ्याचं नाव निघालं तर ‘गद्दार’ म्हणे. तिने मोठ्या मनाने बाईंनाही निरोप धाडला, की जुनं विसरून या. बाई एकदा गेल्या. सातांची तोंडं त्यांनी डावीकडून उजवीकडे निरखली.

“सातही जणांचे एकाच लॅबमधून आलेत,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गेल्या नाहीत.

त्याच सुमाराला लॅबमध्ये एका डॉक्टराकडून काम आलं. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या दातांचा ठसा होता, वरच्या आठ कॅप हव्या होत्या, आणि नमुना म्हणून कुठल्याशा कोरियन गायिकेचा हसरा फोटो जोडला होता. दात घासायला डॉक्टर पुढच्या आठवड्यात घेणार होते. बाईंनी ठसा भरला, साचा काढला आणि उजेडात फिरवून बघितला. समोरचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले होते. बाकी सगळे धडधाकट. त्यांनी साचा खोक्यात घातला, वर चिठ्ठी ठेवली, की या मुलीच्या दातांना काहीही झालेलं नाही, आणि खोकं परत पाठवून दिलं.

डॉक्टरांनी ते काम दुसऱ्या लॅबला दिलं, आणि त्यानंतरची सगळीच दिली. मालक चार दिवस धुसफुसत होते. पाचव्या दिवशी न राहवून ते बाईंच्या टेबलाशी आले.

“बाई, मला एक कळत नाही. दिवसभर कानात त्याच पोरांना घालून बसता, आणि कुणी त्यांच्यासारखं दिसायला मागितलं तर खोकं परत पाठवता.”

“मी ऐकते त्यांना,” बाई म्हणाल्या. “बघायला कुणी सांगितलंय?”

त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, उरलेल्या डॉक्टरांकडून त्या दिवशी आलेला सगळ्यात वाकडा ठसा पुढे ओढला आणि मशीन सुरू केलं.